मोटारसायकल टेम्पोत बांधायची तर ताण शॉकअपवर घ्या, स्टँडवर नाही

सोलापुरातून पुण्याला किंवा हैदराबादला बिऱ्हाड हलवताना गादी, कुकर, टेबलफॅन यांच्या जोडीला एक मोटारसायकल असतेच. पुणं अडीचशे किलोमीटर. टेम्पो येतो, चार जण मिळून गाडी वर उचलतात, साइड स्टँडवर उभी करतात, नायलॉनच्या दोरीचे दोन वेढे हँडलला मारतात आणि एका पोराला धरायला मागे उभं करतात. गाडी बहुतेक वेळा पोहोचतेही. फक्त टाकीला पोचा पडलेला असतो, क्लचची मूठ तुटलेली असते, साइड स्टँडचा कान वाकलेला असतो आणि आठवड्याभराने पुढच्या शॉकअपमधून तेल गळू लागतं. हे सगळं टळण्यासारखं आहे. खर्च चार पट्ट्यांचा आणि वेळ अर्ध्या तासाचा.

आधी एक गोष्ट मनात पक्की बसवा, बाकी सगळं तिच्यातून निघतं. टेम्पो खड्ड्यातून गेला की हौदा खाली जातो, वर येतो. त्या एका क्षणी गाडी हौद्यावर दाबली जाते, आणि नुसती ताणून बांधलेली दोरी तेवढ्यापुरती सैल पडते. सैल पडली की हुक निसटतो, गाठ सरकते, गाडी दोन बोटं बाजूला जाते. पुढच्या खड्ड्याला आणखी दोन बोटं. म्हणून पट्टीने गाडीला खाली ओढून शॉकअप थोडे दाबून ठेवायचे. दाबलेली स्प्रिंग सतत वर ढकलत राहते, पट्टी सतत खाली ओढत राहते, आणि खड्ड्यात गाडी खाली गेली तरी पट्टीतला ताण शून्यावर येत नाही. दोन्ही स्टँड वर, दोन्ही चाकं हौद्याच्या तळावर, गाडी सरळ उभी. तिला उभं ठेवायचं काम पट्ट्यांचं, स्टँडचं नाही.

साइड स्टँडवर हा हिशेब जमतच नाही. गाडी डावीकडे कललेली असते, त्यामुळे दोन बाजूंच्या पट्ट्यांची लांबी आणि कोन वेगळे होतात. वरून ओढलेला सगळा जोर स्टँडच्या एका पिनवर आणि फ्रेमला वेल्ड केलेल्या एका कानावर येतो. मेन स्टँडचं दुखणं निराळं. मागचं चाक हवेत, मागच्या शॉकअपवर भार नाही, आणि जोरात ब्रेक लागला की गाडी स्टँडवरून पुढे उतरते. ती उतरली की चारही दोऱ्या एकदम सैल.

काय जमवायचं

25 मिमी रुंदीच्या चार रॅचेट पट्ट्या, म्हणजे दात्यांच्या खटक्याने टक-टक करत आवळायच्या पट्ट्या, प्रत्येकी किमान दोन मीटर लांब. दोन जादा ठेवा, कारण ऐनवेळी एखादं रॅचेट अडकतंच. पट्टीला शिवलेल्या लेबलवर बहुधा दोन आकडे असतात, तुटण्याचा भार आणि कामाचा भार. बघायचा तो कामाचा, आणि तो 300 किलोच्या खाली नको. लेबल नसलेली किंवा उन्हाने रंग उडून कडक झालेली पट्टी घेऊ नका. आपल्याकडच्या उन्हात टेम्पोच्या छतावर वर्षभर पडून राहिलेली पट्टी दिसायला धड असते, पण तिचे धागे कुजलेले असतात. घडी घालून चिमटीत दाबल्यावर भुकटी सुटली तर ती फेकून द्या.

पॉलिस्टरची पट्टी घ्या. नायलॉन ताणाखाली लांबतं, ओलं झालं की आणखी लांबतं. पावसाळ्यात सोलापुरात घट्ट बांधलेली नायलॉनची दोरी इंदापूरपर्यंत हलायला लागते.

याशिवाय कापडी पट्टीचे चार फास लागतील. दोन्ही टोकांना फासा असलेला हा दीड फुटाचा तुकडा गाडीभोवती गुंडाळून त्याच्या फाशांत हुक अडकवायचा, म्हणजे लोखंडी हुक गाडीला लागत नाही. ट्रकचे पट्टे शिवणाऱ्याकडून हे करून मिळतात. मिळाले नाहीत तर पट्टीच दुहेरी करून वापरा. पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या जुन्या ट्यूब आणा. घासणाऱ्या प्रत्येक जागेला त्या लागतात. सोलापुरात जुन्या टॉवेलांना तोटा नाही, सहा-सात घ्या. दहा मीटर सुती किंवा पॉलिस्टर दोरी, लाकडाचे दोन पाचरी ठोकळे आणि चढवायला फळी.

टेम्पो कोणता

छोट्या हत्तीचा हौदा साधारण 2.2 मीटर लांब आणि दीड मीटरला थोडा कमी रुंद. स्प्लेंडर, शाइन, युनिकॉर्न दोन मीटरच्या आसपास असतात, त्या सरळ बसतात. क्लासिक 350 ची लांबी 2.15 मीटरच्या जवळपास, तीही बसते, पण मागचा फाळका, म्हणजे हौद्याचं उघडझाप करायचं झापड, लावायला बोटभर जागा उरते. तिरकी ठेवायची सूचना कोणी केली तर मानू नका. गाडी तिरकी ठेवली की पुढचं चाक सपाट न टेकता कोपऱ्यात दाबलं जातं, आणि दोन बाजूंच्या पट्ट्या सारख्या लांबीच्या राहत नाहीत. जागा कमी पडत असेल तर नऊ फुटी पिकअप सांगा. दोन गाड्या न्यायच्या असतील तर एकीचं तोंड केबिनकडे, दुसरीचं फाळक्याकडे ठेवा, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत. दोन गाड्या एकमेकींना बांधायच्या नाहीत. प्रत्येकीच्या चार पट्ट्या वेगळ्या.

टेम्पो ठरवताना हुक बघून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक टेम्पोंना हुक बाहेरून, बाजूच्या फाळक्याच्या खाली वेल्ड केलेले असतात. पट्टी मग फाळक्याच्या धारेवरून खाली जाते. यात दोन धोके आहेत. पत्र्याची धार पट्टी कापते, आणि फाळक्याची खिट्टी सैल असेल तर फाळकाच आत-बाहेर हलतो व पट्टीतला ताण खातो. धारेवर ट्यूबचा दुहेरी तुकडा ठेवा, खिट्ट्या ठोकून बसवा आणि फाळका हाताने हलवून बघा. हौद्याच्या तळाला कड्या असतील तर त्या केव्हाही चांगल्या. प्रत्येक हुकाला पाय लावून जोरात ओढून पाहा. गंजलेलं वेल्डिंग घरापुढे तुटलेलं परवडतं, वाटेत नाही.

हौदा झाडून घ्या. हे उगाच सांगत नाही. सिमेंटची भुकटी, ज्वारीचे दाणे, उसाच्या चोयट्या, ऑइलचे डाग यांतलं काही ना काही तळाला असतंच, आणि गुळगुळीत पत्र्यावर दाण्यांच्या थरात टायर साबणावर ठेवल्यासारखं सरकतं. चाकांखाली रबरी मॅट किंवा जुन्या टायरचा कापलेला पट्टा टाका. गोणपाट टाकू नका, ते स्वतःच पत्र्यावरून घसरतं.

गाडीची तयारी

टाकीत लिटर-दीड लिटरपेक्षा जास्त पेट्रोल नको. आगीची काळजी आहेच, पण इथल्या उन्हाळ्यात आणखी एक कारण असतं. तापमान 20 अंशांनी चढलं की 10 लिटर पेट्रोल जवळपास 200 मिली फुगतं. काठोकाठ भरलेली टाकी दुपारी उन्हात उभी राहिली की झाकणाच्या भोकातून पेट्रोल बाहेर येतं आणि रंगावर ओघळ उमटतात. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत कॉक बंद करा आणि कार्बोरेटरखालचा स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल काढून टाका. इंजेक्शनच्या गाडीला हे करावं लागत नाही.

टायरमध्ये नेहमीएवढी हवा ठेवा. मऊ टायर वाटेत बसतं आणि तेवढाच ताण कमी करतं. आरसे काढा. डिकी, टॉप बॉक्स, कव्हर, लटकणारं सगळं उतरवा. पाणी भरायची बॅटरी असेल तर तिची व्हेंटची नळी जागेवर आहे ना पाहा. लांबच्या प्रवासात 10 चा पाना लावून निगेटिव्हची वायर सोडून ठेवलेली चांगली. अलार्म असेल तर मात्र तो आधी बंद करा.

चारही बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरचा आकडा दिसेल असा एक, आधीच्या ओरखड्यांचे वेगळे. ट्रान्सपोर्टने पाठवत असाल तर बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, गाडीचा नंबर, इंजिन आणि चासी नंबर आणि हे ओरखडे लिहून घ्या. आरसी, विमा आणि पीयूसीच्या प्रती ड्रायव्हरजवळ द्या. मूळ कागद आपल्याकडेच.

चढवणं

छोट्या हत्तीचा किंवा पिकअपचा हौदा जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असतो. पाच फुटांची फळी लावली तर चढ 30 अंशांचा होतो आणि 150 किलोच्या गाडीला वर ढकलायला 75 किलोचा जोर लागतो. आठ फुटांची फळी लावली की चढ 18 अंशांवर येतो आणि जोर 47 किलोंवर. दोन माणसांना हा फरक लगेच कळतो. फळी दोन इंच जाड आणि किमान दहा इंच रुंद हवी, आणि शेजारी चालणाऱ्यासाठी तशीच दुसरी.

फळीचं वरचं टोक हौद्याला दोरीने बांधा. हे बहुतेक जण विसरतात. मागचं चाक फळीवर चढताना ते फळीला मागे ढकलतं. फळी निसटली की गाडी आणि माणूस दोन्ही खाली येतात.

फळी नसेल तर उतार शोधा. मार्केट यार्डातल्या धक्क्यासारखा ओटा, शेताचा बांध, रस्त्याकडेचा भराव, जिथे टेम्पो मागे घेऊन हौदा जमिनीच्या पातळीत येईल अशी जागा. कितीही उत्तम फळीपेक्षा हे बरं.

गाडीवर बसून फळीवरून चढवायचं धाडस करू नका. वर पोहोचेपर्यंत पाय टेकायला काहीच नसतं, आणि गाडी सगळ्यात डगमगते ती नेमकी फळीच्या शेवटच्या फुटावर. गाडीच्या डाव्या बाजूने चालत, दोन्ही हात हँडलवर, बोटं पुढच्या ब्रेकवर. दुसरा माणूस मागून सीटखालच्या पकडीला धरून ढकलतो. सायलेन्सरला हात लावायचा नाही, तो तापलेला असतो. बुलेटसारख्या 195 किलोच्या गाडीला तिसरा माणूस उजवीकडून घ्या.

बांधणं

पुढचं चाक केबिनमागच्या भिंतीला सरळ, मधोमध टेकवा. भिंत पत्र्याची असेल तर मध्ये ट्यूबची घडी किंवा फळीचा तुकडा ठेवा. चाक डावी-उजवीकडे वळू नये म्हणून दोन्ही बाजूंनी आधार लागतो. 18 मिमी प्लायवर दीड फूट लांबीचे दोन जाड ठोकळे समांतर ठोकून खाच केली की काम झालं. स्प्लेंडरचं पुढचं टायर 80 मिमी रुंद, म्हणून खाच 90 मिमीची. नवीन क्लासिकचं 100 मिमी, तिला 110. ही खाच एकदा करून ठेवली की वर्षानुवर्षं पुरते.

आता पट्टी कुठे. हँडलच्या मुठींजवळ ती कधीच नको. हँडलचा पाइप त्याच्या चिमट्यांत फिरतो, वाकतो, आणि स्विचचे प्लास्टिकचे डबे फुटतात. जागा आहे खालची टी, म्हणजे शॉकअपचे दोन्ही पाइप खालून धरणारा तो जाड लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा तुकडा, हेडलाइटच्या पाठीमागे. हात घातला की सापडतो. कापडी फास टीच्या वर, पाइपभोवती फिरवा. त्याच जागेत ब्रेकची नळी, क्लचची केबल, मीटरची केबल आणि हेडलाइटच्या वायरी असतात. फास त्यांच्या आत, पाइपला लागून बसला पाहिजे. एक फास डाव्या पाइपला, एक उजव्या. हँडल दोन्ही टोकांना फिरवून काही अडकत नाही ना याची खात्री करा, मग सरळ करा.

फासापासून पट्टी समोर, बाहेर आणि खाली, तिन्ही दिशांना एकाच वेळी जायला हवी. समोरून पाहिलं तर दोन्ही पट्ट्यांचा उलटा व्ही दिसतो, आणि प्रत्येकीचा तळाशी कोन 45 अंशांच्या जवळपास. पट्टी फार उभी झाली तर ती गाडीला बाजूला पडण्यापासून रोखत नाही. फार आडवी झाली तर शॉकअप दाबत नाही. टाकी, मडगार्ड किंवा इंडिकेटरला ती कुठेही घासत असेल तर हुक बदला. नुसता टॉवेल घालून निभावून नेऊ नका. पट्टी आणि रंग यांच्यामध्ये धुळीचा एक कण पुरतो, अडीचशे किलोमीटरमध्ये तो सँडपेपरचं काम करतो.

ताण देताना गाडी न्यूट्रलला ठेवा. शॉकअप बसतात तशी चाकं एक-दोन सेंटिमीटर सरकतात, त्यांना मोकळीक हवी. एका माणसाने गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने रॅचेट चालवायचं. डावीकडे दोन टक, उजवीकडे दोन टक. एकच बाजू आधी पूर्ण ओढली तर गाडी तिकडे झुकते आणि मग दुसऱ्या पट्टीचा अर्धा ताण तिला सरळ करण्यातच जातो.

किती दाबायचं हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत पाइपवर, तेलाच्या सीलपासून खालच्या टीपर्यंत किती भाग उघडा आहे ते बांधण्याआधी टेपने मोजा. गाडी चाकांवर उभी, कोणी बसलेलं नाही, अशी. समजा पाच इंच आहे. पट्ट्या ओढून तो साडेतीन इंचांवर आणा. दीड इंच दाब साध्या गाड्यांना पुरेसा असतो, कारण त्यांच्या पुढच्या शॉकअपची पूर्ण चाल चार-पाच इंचांचीच असते. दोन्ही बाजूंना टेप लावून बघा, दोन्हीकडे आकडा सारखा हवा.

काही जण शॉकअप तळाला टेकेपर्यंत ओढतात. तळाला टेकलेल्या शॉकअपला खड्डा पचवायला जागाच उरत नाही. मग प्रत्येक दणका थेट पट्टीला, हुकाला आणि तेलाच्या सीलला बसतो, आणि सील हेच त्यातलं सगळ्यात नाजूक. पोहोचल्यावर पाइपवर तेलाची ओली कडी दिसली तर समजा ओढणं जास्त झालं होतं.

मागच्या दोन पट्ट्यांचं काम हलकं. मागचं चाक बाजूला पाऊल टाकू नये, एवढंच. त्या मागच्या फुटरेस्टच्या फ्रेमला किंवा सीटखालच्या फ्रेमच्या नळीला बांधा, आणि मागे, बाहेर, खाली ओढा. पुढच्या पट्ट्यांच्या निम्मा ताण बास. साडी गार्ड, कॅरिअर, सायलेन्सर, नंबरप्लेटची पट्टी यांना बांधायचं नाही. साडी गार्ड पातळ सळईचं असतं, पहिल्याच वळणावर वाकतं. लेग गार्डही नको, त्याचे बोल्ट पडताना गाडी वाचवायला असतात, ताण धरायला नाहीत. मागचं चाक उड्या मारत असेल तर रिममधून एक दोरी घालून तळाच्या कडीला बांधा, चिमटा म्हणजे स्विंग आर्म धरूनही चालेल. चेन आणि ब्रेकच्या रॉडपासून दोरी लांब ठेवा.

चारही पट्ट्या लागल्या की पहिला गिअर टाका. पुढच्या ब्रेकची मूठ ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधा. मागच्या चाकाला पुढून-मागून पाचरी ठोकळे, म्हणजे उटी लावा. गिअर, ब्रेक, उटी ही मदतीची माणसं आहेत, भार पट्ट्यांनीच पेलायचा आहे.

हुकांना झडप नसेल तर तोंड ट्यूबच्या पट्टीने किंवा प्लास्टिकच्या टायने बांधा. पट्टीला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात ती फडफडत नाही. फडफड म्हणजे शिवणीवर मिनिटाला शेकडो झटके. उरलेलं टोक गुंडाळून बांधा, ते चाकात जाऊ नये.

रॅचेट नसेल आणि दोरीवरच भागवायचं असेल तर साधी निरगाठ मारून ओढू नका, तेवढा ताण हाताने येत नाही. दोरीचं एक टोक फासाला पक्कं करा. मध्यावर दोरीचाच एक वळसा काढून सुरगाठीने छोटी फाशी करा. मोकळं टोक हुकाखालून घेऊन त्या फाशीतून काढा आणि खाली ओढा. दोरी दोनदा वळसा घेत असल्याने हातापेक्षा बराच जास्त ताण येतो. तसाच धरून फाशीखाली दोन अर्ध्या गाठी मारा. ट्रकवाले ताडपत्री अशीच आवळतात. पण दोरी वाटेत बसते, म्हणून तपासणीच्या वेळा दुप्पट करा.

बांधून झाल्यावर सीटला धरून गाडी जोरात बाजूला हलवा. हौद्यासह सगळा टेम्पो हलला पाहिजे. गाडी एकटी हलली तर काम अपुरं आहे.

स्कूटर

ॲक्टिव्हासारख्या गाडीत खालची टी प्लास्टिकच्या आत दडलेली असते. तिथे पाय ठेवायच्या फळीवर चौपदरी टॉवेल, त्यावर लाकडाची पट्टी आणि तिच्यावरून दोन्ही बाजूंना खाली जाणारी एक पट्टी, असं बांधा. खालच्या लोखंडी फ्रेमवर भार येतो आणि दोन्ही शॉकअप दाबले जातात. मागे सीटजवळच्या पकडीच्या बुडाला दोन पट्ट्या, आणि पुढच्या रिमला दोन्ही बाजूंनी दोरी. प्लास्टिकच्या कडेला पट्टी टेकली की तडा जातो, तेवढं सांभाळा.

मागे माणूस उभा करू नका

मालबांधणीच्या युरोपीय मानकात, ईएन 12195 मध्ये, जोरात ब्रेक लागल्यावर मालाच्या वजनाच्या 80 टक्के जोर पुढे आणि वळणावर 50 टक्के बाजूला धरतात. 112 किलोच्या स्प्लेंडरसाठी हे 90 आणि 56 किलो होतात. 195 किलोच्या क्लासिकसाठी 156 आणि 98. हालत्या हौद्यात उभ्या माणसाला हा जोर हाताने धरता येत नाही. गाडी पडलीच तर ती त्याच्यावर पडते. पट्ट्या नीट असतील तर त्याची गरज नाही, आणि नीट नसतील तर त्याचा उपयोग नाही. त्याला केबिनमध्ये बसवा, नाहीतर बसने पाठवा.

वाटेत

पहिल्या पंधरा किलोमीटरमध्ये सगळं बसतं: गाठी, रॅचेटवरचे वेढे, टायर, फाळक्याच्या खिट्ट्या. म्हणून पहिली तपासणी तिथेच. पुण्याकडे निघालात तर शहर सुटल्यावर चिंचोळी एमआयडीसीच्या आसपास थांबा. मग मोहोळला, मग टेंभुर्णीला. तुळजापूरकडे जात असाल तर घाट लागण्याआधी. टेप काढा आणि पाइपचा आकडा बघा. साडेतीनचा चार झाला असेल तर एक-दोन टक वाढवा. एकच बाजू सैल झाली असेल तर ती आवळण्याआधी कारण शोधा. बहुतेक वेळा फाळका हललेला असतो किंवा चाक खाचेतून निघालेलं असतं. धारेवरचे ट्यूबचे तुकडे जागेवर आहेत ना, हेही बघा.

ड्रायव्हरला दोनच गोष्टी सांगा: गतिरोधकावर गाडी पूर्ण हळू करायची, आणि टोलनाक्यावर जोरात ब्रेक मारायचा नाही. पावसाळ्यात सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला आणि त्याची लांब शेपटी बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे काढायचा विसरत नाही. गाडीवर सैल ताडपत्री टाकू नका, ती वाऱ्यात टाकीवर आपटत राहते आणि रंग मळकट करते. झाकायचंच असेल तर टाकीला आणि हेडलाइटला टॉवेल गुंडाळून सुतळीने बांधा.

ट्रान्सपोर्टच्या मोठ्या ट्रकमध्ये गाडी पोत्यांच्या थप्पीवर चढवतात. गाडी लाकडी फळ्यांवर, उभी आणि तळाला ठेवायला सांगा. कांद्याची किंवा धान्याची पोती वाटेत बसतात, आणि त्यांच्यावर कितीही घट्ट बांधलेली गाडी दोन तासांत कलते.

उतरवताना

आधी मागच्या पट्ट्या सोडा. पुढच्या सोडण्यापूर्वी एक माणूस हौद्यात चढून गाडी दोन्ही हातांनी धरतो. रॅचेट उघडलं की दाबलेला शॉकअप उसळी घेतो, आणि एक बाजू आधी सुटली तर गाडी दुसऱ्या बाजूला ओढली जाते. बोटं रॅचेटच्या दात्यांपासून लांब ठेवा.

उतारावर गाडी उलटी, मागचं चाक आधी, असं येते. इथे पुढच्या ब्रेकवर भरवसा ठेवू नका. सगळं वजन खालच्या म्हणजे मागच्या चाकावर गेलेलं असतं, पुढचं चाक हलकं असतं आणि ब्रेक दाबताच ते फळीवरून घसरतं. मागच्या ब्रेकपर्यंत चालत असताना पाय पोहोचत नाही. उपाय क्लचचा आहे: इंजिन बंद, पहिला गिअर, क्लच सोडलेला. मागचं चाक जाम राहतं. क्लच जरासा दाबला की गाडी बोटभर खाली सरकते, सोडला की थांबते. एक-एक बोट करत खाली आणा. ऑटोमॅटिक स्कूटरला क्लचची मूठ नसते, पण डाव्या हाताची मूठ मागच्या ब्रेकची असते, ती वापरा.

चालू करण्याआधी सायलेन्सरमधला बोळा काढा. बॅटरीची वायर जोडा, कॉक उघडा. पुढच्या ब्रेकच्या मुठीवर बांधलेली ट्यूबची पट्टी काढून मूठ तीन-चार वेळा दाबा. हँडल सरळ धरल्यावर पुढचं चाक सरळ दिसतं का ते समोरून पाहा. शॉकअपच्या पाइपवर बोट फिरवा. बोट कोरडं निघालं तर गाडी नीट पोहोचली.